एकट्याची वाट

आपल्या नागपुराने १९५६ मध्ये लाखोंना एकत्र धर्मांतर करताना पाहिले. एकट्याने श्रद्धा सोडणे मात्र अवघड. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे कथाकार हमीद दलवाई यांनी श्रद्धा सोडली, समाज सोडला नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने राखला होता. पण धमक्यांपुढे कायद्याचा कागद अपुरा पडे. घरी साथ होती ती पत्नी मेहरुन्निसाबाईंची. ३ मे १९७७ रोजी, अवघ्या ४४ व्या वर्षी दलवाई गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्मविधीविना मुंबईत विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. शेवटचा निर्णयही त्यांचाच राहिला.