इंजिन कारखान्यातला उमेदवार : रेजिनाल्ड मिचेल

स्पिटफायर हे विमान आपल्या शाळेतल्या बहुतेक कॅडेटांना चित्रावरून ओळखता येते. ते विमान ज्यांनी घडवले त्या रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांच्या कामाची पहिली पाच वर्षे मात्र आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात गेली, हे फारसे कुणी सांगत नाही. मला त्यांच्या चरित्रातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे या लेखात मी तिथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

रेजिनाल्डचा जन्म 20 मे 1895 रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात झाला. वडील शिक्षक होते. पुढे ते छपाईच्या धंद्यात शिरले. स्टोक आणि आसपासची गावे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे आभाळात कायम भट्ट्यांचा धूर. हॅनली हायस्कूलमध्ये शिकत असताना या मुलाला विमानांचे वेड लागले. राइट बंधूंचे पहिले उड्डाण 1903 चे, म्हणजे विमान ही तेव्हा अगदी नवी गोष्ट होती. तो छोटी विमाने बनवून उडवी आणि घरी शर्यतीची कबुतरे पाळी.

1911 साली, सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि केर, स्टुअर्ट अँड कंपनीच्या लोकोमोटिव्ह कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला. आपल्याकडे उमेदवारी म्हटले की हल्ली निवडणूक आठवते. पण जुन्या मराठीत उमेदवारी करणे म्हणजे पुढे पक्की जागा मिळेल या आशेवर, जवळजवळ फुकटात, दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकणे. आजही आयटीआयच्या कागदपत्रांत शिकाऊ उमेदवार हाच शब्द असतो. रेजिनाल्डची उमेदवारी याच अर्थाची होती.

ती त्याला अजिबात आवडली नाही. अंगात वंगणाने माखलेली डांगरी, दिवसभर घणांचा आवाज, आणि सर्वांत धाकटा म्हणून फोरमन व कारागिरांसाठी चहा करण्याचे काम गळ्यात. हे सोडून देतो, असे त्याने घरी सांगून पाहिले. वडिलांनी ऐकले नाही. पालकांनी इथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला एखाद्या ठिकाणी ठेवणे नेहमीच बरोबर ठरते, असे मी म्हणणार नाही; कित्येक मुले त्यात कोमेजतात. हा मुलगा कोमेजला नाही, कारण कारखान्याबाहेरचा वेळ त्याने स्वतःच्या हाती ठेवला. संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन तो ड्रॉइंग, यंत्रशास्त्र आणि उच्च गणित शिकू लागला. गणितात त्याला बक्षीसही मिळाले. घरी त्याने स्वतःचा लेथ बसवला आणि त्यावर सुटे भाग कातून डायनॅमो तयार केला. दिवसा कारखान्यात लेथ आणि रात्री घरीही लेथ! ज्याला कारखान्याचा खरोखर तिटकारा आहे तो असे करील का? त्याला धातू नकोसा नव्हता. नकोशी होती ती दुसऱ्याच्या हुकमाने केलेली तीच ती कामे, असा माझा तर्क आहे.

कारखान्यातला काळ संपल्यावर तो तिथल्याच ड्रॉइंग ऑफिसात गेला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्याने स्वतः कानस चालवली आहे, त्याला कागदावरची रेघ ओढताना ती कुणाला तरी लोखंडात उतरवायची आहे हे विसरता येत नाही. शाळेच्या वर्कशॉपमध्ये काटकोन साधेपर्यंत चौकोनी तुकडा घासत बसलेल्या कॅडेटांना हे अधिक सांगायला नको.

दरम्यान 1914 चे महायुद्ध सुरू झाले. रेजिनाल्डने सैन्यात भरती होण्याचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा, तुझे शिक्षण कारखान्यात जास्त उपयोगी आहे, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. एसएसबीतून परत आलेल्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. बरोबरीची मुले गणवेशात आघाडीवर जात असताना गावात राहणे त्या विशीतल्या तरुणाला किती जड गेले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

1917 साली साउदॅम्प्टनजवळच्या सुपरमरीन या समुद्री विमानांच्या कंपनीत मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. घरी परत न जाता त्याने सामान मागवून घेतले. दोनच वर्षांत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मुख्य अभिकल्पक झाला. विद्यापीठाची पदवी नव्हतीच.

इथून पुढचे मिचेल जगाला माहीत आहेत. श्नायडर चषकाच्या शर्यतीसाठी त्यांनी बांधलेले एस.4 हे विमान 1925 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला पाण्यात कोसळले, वैमानिक बचावला. नंतर त्यांच्या विमानांनी 1927, 1929 आणि 1931 अशा लागोपाठ तीन शर्यती जिंकल्या. 1931 साली एस.6बी ताशी 650 किलोमीटरच्या पुढे गेले. त्यानंतर हवाई दलासाठी बांधलेले टाइप 224 हे लढाऊ विमान मात्र साफ फसले. वेग कमी, इंजिन तापणारे. ते मिचेल यांनी बाजूला ठेवले आणि नवा आराखडा घेतला.

याच काळात, 1933 मध्ये, त्यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. दुखणे उलटण्याची भीती कायम होती. तरीही ते कामावर परतले आणि 1934 मध्ये विमान चालवण्याचा परवानाही त्यांनी मिळवला. 5 मार्च 1936 रोजी ईस्टलीच्या धावपट्टीवरून स्पिटफायरचे पहिले उड्डाण झाले. 11 जून 1937 रोजी, अवघ्या 42 व्या वर्षी, मिचेल गेले. पहिले विमान स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले ते ऑगस्ट 1938 मध्ये.

या दिरंगाईबद्दल थोडे बोलायला हवे. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख हवेत जितका उत्तम, तितका कारखान्यात अवघड. ती गोलाई पत्र्यात आणायला कारागिरांची दमछाक होई आणि जर्मनांच्या मेसरश्मिट 109 पेक्षा या विमानाला कितीतरी अधिक तास लागत. डांगरी घातलेल्या मुलाने असा पंख मंजूर करावा, याचे मला बराच काळ नवल वाटे. आता वाटते की कारागिरांच्या हातून काय होऊ शकते हे त्यांना आतून माहीत होते, म्हणूनच त्यांनी एवढे मागितले. काटकसरही त्यांच्या विभागात होती. सपाट डोक्याचे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. ते नेमके कुठे लागतात हे शोधायला तिथल्या लोकांनी विमानावर वाटाण्याच्या डाळी चिकटवून उड्डाणे केली. डाळ म्हणजे गोल डोक्याचा रिव्हेट. वेग घटला तिथे सपाट रिव्हेट, फरक पडला नाही तिथे साधा.

मिचेल यांच्या मागे काम हाती घेतले ते जोसेफ स्मिथ यांनी. त्यांनीही ऑस्टिन मोटार कंपनीत उमेदवारी केलेली होती. त्यांच्या देखरेखीखाली विमान सुधारत गेले आणि एकूण 20,000 हून अधिक स्पिटफायर तयार झाली. त्यांतली काही भारतीय वायुसेनेकडे आली आणि 1947 मध्ये श्रीनगरच्या रक्षणासाठी उडाली. एक आज दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात उभे आहे. सुट्टीत तिकडे गेलात तर तोफा नंतर पाहा. आधी पंखाच्या पुढच्या कडेची गोलाई पाहा, आणि तो पत्रा वळवायला तुम्हाला दिला असता तर सुरुवात कुठून केली असती ते शाळेत आल्यावर मला सांगा.