इब्न सीना : इल्मसोबत रहम शिकवणारा हकीम

आमच्याकडे शिकून गेलेल्या कितीतरी मुली आज एएनएम, जीएनएम करतात. प्रसूती वॉर्डात ड्युटी लागली की कधीतरी गर्भपाताची केस समोर येतेच. मग ईदला भेटायला आल्या की हळूच विचारतात, अशा वेळी मदत केली तर गुनाह होईल का? मसला सांगणं उलमांचं काम, आमचं नाही. पण एका हकीमाची हयात आम्ही त्यांना जरूर सांगतो.

अबू अली इब्न सीना यांचा जन्म ९८० साली बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत. सोळाव्या वर्षापर्यंत तर ते आजाऱ्यांवर इलाजही करू लागले होते. बुखाऱ्याचे अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडले तेव्हा या तरुणालाही बोलावणं आलं. त्यानंतर त्यांनी शाही ग्रंथालयात वाचायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पुढं राज्यं बदलली, शहरं सुटली. हमदानमध्ये ते वजीर झाले, कैदेतही पडले. पण लिहिणं थांबलं नाही.

त्यांचा ‘अल-कानून फित-तिब’ पाच भागांचा आहे. युरोपात तो शेकडो वर्षं शिकवला गेला. आपल्याकडच्या युनानी कॉलेजांत आजही त्याचा अभ्यास होतो. त्याच्या तिसऱ्या भागात गरोदरपण आणि बाळंतपणाची माहिती आहे.

गर्भ पाडणारं औषध द्यायचं नाही, ही ताकीद वैद्यांच्या जुन्या शपथेत होती आणि अरबी हकीमांना ती माहीत होती. तरीही इब्न सीना यांनी नाजूक प्रसंग टाळले नाहीत. गरोदर मुलगी इतकी लहान की बाळंतपणात जीव जाईल, गर्भाशयातल्या आजारामुळे मूल बाहेर येणं कठीण, किंवा मूल पोटातच दगावलेलं. अशा वेळी गर्भ काढावा लागतो, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं आणि उपायही लिहिले. बाईचा जीव वाचवणं हेही हकीमाचंच काम आहे, हे आम्हाला त्यातून दिसतं.

१०३७ साली हमदानमध्ये त्यांचा इंतकाल झाला. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपला माल गरिबांत वाटला आणि गुलामांना आझाद केलं.

मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही हेच सांगतो. बेटी, तुझा ईमान तुझ्याजवळ ठेव. एखादं काम मनाला पटत नसेल तर ड्युटीआधीच सिस्टरना अदबीनं सांग. पण पलंगावरच्या बाईला टोमणा मारू नकोस, तोंड फिरवू नकोस. तिच्यावर काय गुजरलंय ते अल्लाहला ठाऊक. तिचा रक्तस्राव बघ, तिला पाणी दे, तिचा हात धर.