आवाजाला आवर घालणारा अभियंता

गाण्याच्या एकाच ओळीत गायक कधी कुजबुजतो, तर कधी तार सप्तकात झेप घेतो. मैफलीत श्रोत्याचे कान ही तफावत सहज सामावून घेतात. ध्वनिमुद्रणात मात्र कुजबुज वाद्यवृंदाखाली बुडते आणि चढा स्वर यंत्राची मर्यादा ओलांडून फाटतो. पूर्वी ध्वनिमुद्रक हाताने नियंत्रक खाली-वर करून हा तोल साधत असत. पण स्वर चढल्यावर हात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. लोकप्रिय संगीताच्या मिश्रणात या अडचणीवर सर्वाधिक प्रभावी ठरलेला तोडगा ज्यांच्या नावाशी जोडला गेला आहे, ते अमेरिकी ध्वनिअभियंते म्हणजे मिल्टन उर्फ बिल पुटनम.

इलिनॉय राज्यातील डॅनव्हिल येथे १९२० साली जन्मलेल्या पुटनम यांनी १९४६ मध्ये शिकागोजवळील इव्हॅन्स्टन येथे युनिव्हर्सल रेकॉर्डिंग हा स्टुडिओ सुरू केला. पुढे तो शिकागोत आला. ध्वनिमुद्रण म्हणजे समोर जे घडले त्याची केवळ नक्कल, हा त्या काळचा समज त्यांना मान्य नव्हता. १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्स या हार्मोनिकावादकांच्या चमूचे ध्वनिमुद्रण करताना त्यांनी स्नानगृहाचा प्रतिध्वनी-कक्ष म्हणून वापर केला आणि ती तबकडी कमालीची गाजली. त्याच वर्षी सहगायक उपलब्ध नसताना गायिका पॅटी पेज यांच्याच आवाजावर त्यांचाच दुसरा आवाज चढवून त्यांनी गाणे पूर्ण केले. उपलब्ध यंत्र अपुरे पडले की नवे घडवायचे, हा त्यांचा स्वभाव होता. आजच्या मिश्रण-कन्सोलची मूळ रचनाही त्यांच्या नावावर जमा आहे.

१९५७ मध्ये ते हॉलिवूडला गेले. फ्रँक सिनात्रा आणि बिंग क्रॉसबी या मातब्बर गायकांचे पाठबळ लाभल्याने तेथे युनायटेड रेकॉर्डिंग उभे राहिले. रे चार्ल्स यांच्या १९६२ मधील गाजलेल्या कंट्री संगीताच्या अल्बमचा काही भाग तेथेच मुद्रित झाला. गायकाचा आवाज भल्यामोठ्या वाद्यवृंदापुढे ठामपणे उभा राहिला पाहिजे, ही गरज पुटनम यांना तेथे रोजच जाणवत होती. साठच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी निर्वात नळ्यांवर चालणारा '१७६' हा लिमिटर तयार केला आणि १९६७ मध्ये ट्रान्झिस्टर तंत्रावर आधारलेला '११७६' बाजारात आणला.

या यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की ते त्याची वाढ रोखते. प्रमाण चारास एक असे ठेवले, तर पातळीच्या वरच्या चार डेसिबलपैकी एकच डेसिबल बाहेर पडतो. शिखरे अशी खाली आली की संपूर्ण आवाज वाढवता येतो आणि हळू उच्चारलेला शब्दही स्पष्ट ऐकू येतो. '११७६'चे वैशिष्ट्य त्याच्या वेगात होते. सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात ते स्वराला पकडू शकत असे. मात्र पकड फार घाईने बसली तर व्यंजनांची धार बोथट होते. फार उशिरा सुटली तर पुढचा हळुवार शब्द दबलेलाच राहतो. फार लवकर सुटली तर दोन शब्दांमधला श्वासही ठळक होतो. म्हणूनच पकडण्याचा व सोडण्याचा वेग ठरविण्याची मुभा या यंत्रात ध्वनिमुद्रकाला दिलेली होती. अंतिम निर्णय कानाचाच राहिला.

त्याच सुमारास टेलीट्रॉनिक्सचा 'एलए-२ए' हा प्रकाशसंवेदी घटकावर चालणारा कॉम्प्रेसरही पुटनम यांच्या व्यवसायात दाखल झाला. तो संथ आणि मृदू. पहिल्या यंत्राने उसळणारे स्वर पकडायचे आणि दुसऱ्याने उरलेला चढउतार हळुवार सावरायचा, ही जोडी गायनाच्या मिश्रणात रूढ झाली. पुढे काही ध्वनिमुद्रकांनी '११७६'ची प्रमाणाची चारही बटणे एकदम दाबून मुद्दाम ओरखडा आणला. नियंत्रणासाठी बनलेले यंत्र असे बंडखोर आवाजाचेही साधन झाले.

ऐंशीच्या दशकात पुटनम यांनी व्यवसाय विकला आणि एप्रिल १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांनी १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी पुन्हा उभी केली. २००० साली पुटनम यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी सन्मान लाभला. आज त्यांच्या यंत्राच्या संगणकीय प्रतिकृती घरगुती स्टुडिओतही पोहोचल्या आहेत. ही सुलभता स्वागतार्ह असली, तरी तिच्यामुळे अतिरेकही सोपा झाला. सारे स्वर एकाच पातळीवर दाबले, तर गाणे मोठ्याने वाजते. पण कुजबुज आणि आर्त हाक यांतला फरक पुसला जातो आणि गाण्यातील भावना तेथेच हरवते. आवाजातील चढउतार नष्ट करण्यासाठी नव्हे, तर तो श्रोत्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पुटनम यांनी आवाजाला आवर घातला होता. त्यांच्या यंत्राचा वापर करणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.