बूट शिवणाऱ्याचं मराठी व्याकरण

मुलांनो, लेस्टरमधलं सेंट निकोलस चर्च तुम्ही पाहिलंय का? पुढच्या वेळी त्याच्या भिंतींकडे नीट बघा. दगडांमध्ये लालसर, पातळ विटा दिसतील. त्या रोमन काळातल्या आहेत. जुन्या पडक्या इमारतींच्या विटा घेऊन हे चर्च बांधलं, त्यालाही हजारएक वर्षं झाली. तिथून जवळच हार्वी लेन नावाची गल्ली होती. १७८९ मध्ये विल्यम केरी तिथे पाद्री म्हणून आले.

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये गावोगावी एक चर्च असे. त्याला पॅरिश चर्च म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्याची नोंद तिथल्या वहीत होई. विल्यमचे वडील अशाच चर्चचे कारकून आणि गावचे शाळामास्तर होते. विल्यम मात्र बूट शिवायला शिकला. काम करता करता तो लॅटिन आणि ग्रीकही शिकला. पुढे त्याने वडिलांच्या चर्चचा पंथ सोडला आणि तो बाप्टिस्ट झाला.

१७९३ मध्ये केरी धर्मप्रसारासाठी बंगालला निघाले. पत्नी डॉरथी यांना जायचं नव्हतं. शेवटी त्या कशाबशा तयार झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारपणात गेला. डॉरथी यांचं मन कायमचं बिघडलं. १८०७ मध्ये त्या वारल्या. केरींचं कौतुक करताना या आईला विसरू नका.

१८०० पासून केरी श्रीरामपूरला राहिले. हे आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, कोलकात्याजवळचं! तिथे त्यांचा छापखाना होता. शिवाय कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते इंग्रज अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. पण मराठी मुलूख तर तिथून शेकडो मैल दूर. मग त्यांना मराठी कोणी शिकवली? कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ यांनी. त्यांच्या मदतीने केरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये शब्दकोश. तेव्हा रोजचं मराठी लिखाण मोडीत होई, म्हणून कोशातले मराठी शब्द मोडीत छापले.

१८१२ मध्ये छापखान्याला मोठी आग लागली. कागद, खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळून गेली. केरी तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं. ९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपूरलाच वारले. इंग्लंडला ते परत कधी आलेच नाहीत.

हार्वी लेनमधलं त्यांचं घर आता नाही. सेंट निकोलस चर्च मात्र उभं आहे. त्याच्या भिंतीत जशा रोमन विटा, तशी केरींच्या पुस्तकांत वैजनाथ पंडितांची मराठी आहे. नाव दिसतं एकाचं, काम असतं दोघांचं.

तुम्हाला कधी मराठी अवघड वाटली, तर हे आठवा: केरीही तुमच्यासारखेच इंग्रजीतून मराठीकडे आले होते. आणि तुम्हाला मराठी कोण शिकवतं? आज त्यांचं नाव वहीत लिहा.