त्वचेचे वाचक : डॉ. हेब्रा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने एका त्वचारोगतज्ज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु व्हिएन्नाच्या डॉ. फर्डिनांड फॉन हेब्रा यांच्याविषयी वाचू लागलो आणि हा माणूस मला आपल्यापैकीच वाटू लागला. कविता शिकवताना आमचे सर आधी शब्दांकडे नीट पाहायला लावतात, अर्थाची घाई करू देत नाहीत. हेब्रांनी रोग्याच्या कातडीबाबत आयुष्यभर हेच केले.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १८१६ रोजी मोराव्हियातील ब्रनो येथे झाला. तो प्रांत तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. १८४१ मध्ये व्हिएन्नात वैद्यकाची पदवी घेऊन ते तेथील सार्वजनिक रुग्णालयात छातीच्या रोगांचे नामांकित वैद्य योसेफ स्कोडा यांच्या हाताखाली रुजू झाले. याच विभागाला पुरळ उठलेल्या रोग्यांची खोली जोडलेली होती. रोगी बहुतेक गरीब, कारागीर, आणि खरजेने बेजार झालेले. मोठ्या वैद्यांना त्यांच्यात रस नव्हता. स्कोडांनी ते काम या तरुण सहायकाकडे सोपवले. इतरांना जी अडगळ वाटत होती, तिचे हेब्रांनी एक शास्त्र केले.

त्या काळी खरूज म्हणजे बिघडलेल्या रक्ताचा उद्रेक, असे भलेभले वैद्य मानीत. ती वरून औषध लावून दाबली, तर आत शिरून मोठे दुखणे आणते, अशी भीती असे. रक्त बिघडल्याची भाषा आपल्या वसतिगृहात आजही ऐकू येते! वास्तविक १८३४ मध्येच रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये प्राध्यापकांसमोर सुईच्या टोकाने खरजेचा किडा काढून दाखवला होता. ही युक्ती त्याच्या गावाकडच्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक होती. तरीही किडा हे रोगाचे कारण की परिणाम, हा वाद मिटत नव्हता. हेब्रांनी ते किडे स्वतःच्या अंगावर सोडून खरूज ओढवून घेतली. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा हा जीव कातडीत बीळ करतो, आणि गंधकाच्या मलमाने तो मारला की रोग जातो, रक्तशुद्धीची गरज पडत नाही, हे त्यांनी १८४४ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे क्रोटनचे तेल लावून त्यांनी निरोगी कातडीवर इसबासारखा दाह निर्माण केला. कातडीला बाहेरूनही रोग होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१८४५ मध्ये त्यांनी त्वचारोगांची नवी वर्गवारी मांडली. पुरळ वरून कसे दिसते एवढ्यावर न थांबता कातडीत कोणता बिघाड झाला आहे, यावर ती आधारलेली होती. त्यांची रोगपरीक्षा पाहायला देशोदेशींचे डॉक्टर येत. रोग्याने तक्रार सांगण्यापूर्वी ते उजेडात त्याचे सर्व अंग पाहत. नुसत्या कातडीवरून रोग्याचा धंदाही ओळखत, असे सांगतात. भाजलेल्या रोग्यांना दिवसेंदिवस कोमट पाण्यात ठेवण्याची सोयही त्यांनी केली. एल्फिंगर आणि हाइट्समान या चित्रकार डॉक्टरांकडून त्यांनी त्वचारोगांची रंगीत चित्रे काढून घेतली. तो चित्रसंग्रह १८५६ ते १८७६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांचे शिष्य आणि जावई मोरित्स कापोसी यांनी हे कार्य पुढे नेले.

पण मला सर्वांत विचार करायला लावले ते इग्नाझ सेमेलवाइस यांच्याशी असलेल्या त्यांच्या मैत्रीने. हे हंगेरियन डॉक्टर त्याच रुग्णालयाच्या सूतिका विभागात होते. डॉक्टरांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतले, तर बाळंतज्वर टळतो, हे त्यांनी १८४७ मध्ये सिद्ध केले. एप्रिलमध्ये तेथे शंभरांतील अठरा माता दगावत होत्या. काही महिन्यांतच ते प्रमाण दोनच्या आसपास आले. आपलेच हात मृत्यू वाहून नेतात, हे ऐकणे अनेक डॉक्टरांना अपमानास्पद वाटले. सेमेलवाइस लिहिण्याचा कंटाळा करीत. तेव्हा डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये हेब्रांनीच हा शोध वैद्यकसभेच्या नियतकालिकात मांडला, आणि त्याची तुलना जेन्नरच्या देवीच्या लशीशी केली. आपली पत त्यांनी मित्राच्या सत्यामागे उभी केली.

याच हेब्रांनी ३० जुलै १८६५ रोजी, मनाचा तोल गेलेल्या सेमेलवाइसना नवे आरोग्यधाम दाखवतो असे सांगून वेड्यांच्या रुग्णालयात नेऊन सोडले. दोनच आठवड्यांत, १३ ऑगस्टला, जखम चिघळून सेमेलवाइस वारले. हा विश्वासघात होता की मित्राच्या कुटुंबाची निकड? हेब्रांनी हे काम आनंदाने केले असेल, असे मला वाटत नाही. पण ज्याने रोग्याला फसवू नये अशी आपली अपेक्षा, त्यानेच मित्राला फसवून नेले, ही गोष्ट चरित्रातून गाळता येत नाही, आणि मी ती गाळणार नाही.

हेब्रांना १८६९ मध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. ५ ऑगस्ट १८८० रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. खरूज मात्र गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. उपाय कळूनही रोग उरतो, कारण तो दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचा, आणि त्याविषयी बोलायला लाज वाटते. हेब्रांच्या त्या खोलीकडे कोणी वळत नव्हते, ते याच कारणाने. तेथे एक माणूस थांबला आणि नीट पाहू लागला, एवढ्यानेच पुष्कळ काही बदलले.