खाष्ट सासूचा खरा चेहरा

१९८७ साल. रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की रस्ते ओस पडायचे. दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं ना! मी तेव्हा सहा-सात वर्षांची. चाळीत एकाच घरी टीव्ही, आणि त्यांच्या दारात सगळ्यांच्या चपलांचा ढीग. मंथरा पडद्यावर आली की माझी आजी कडाकडा बोटं मोडायची. आम्ही पोरं दुपारी पाठीला उशी बांधून, एक डोळा बारीक करून मंथरेची नक्कल करायचो आणि पोट धरधरून हसायचो.

तो बारीक डोळा मेकअपचा नव्हता, हे मला फार पुढे समजलं.

मैत्रिणींनो, ही मंथरा म्हणजे ललिता पवार. आपल्या मातीतली बाई. १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, पैठणीच्या गावात, त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव अंबा सगुण. मूकपटांच्या त्या काळात चांगल्या घरातल्या मुलींनी सिनेमात जाणं म्हणजे घराण्याला बट्टा समजत. पण ही मुलगी १९२८च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि मग मागे वळून पाहिलंच नाही.

आज आपल्याला त्या फक्त खाष्ट सासू म्हणून आठवतात. पण तरुणपणी त्या चक्क नायिका होत्या! दिसायला देखण्या, धाडसी कामं करणाऱ्या. बोलपट आल्यावर स्वतःची गाणी स्वतःच गायच्या. एवढंच नाही, तर १९३२मध्ये ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. पुढे टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी काढला. ज्या काळात बायकांच्या हाती घरखर्चाचे पैसेही मोजून दिले जात, त्या काळात ही बाई सिनेमात पैसा घालत होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मग १९४२ साल उजाडलं. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात मास्टर भगवान यांनी, म्हणजे आपल्या भगवानदादांनी, त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जरा जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार लांबत गेले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला.

वय जेमतेम सव्वीस. ज्या चेहऱ्यावर पोट, तोच चेहरा गेला. नायिकेची कामं संपली. दुसरी कोणी असती तर दार लावून घरात बसली असती. ललिताबाईंनी काय केलं? आईच्या, सासूच्या, वयस्क बायकांच्या भूमिका घ्यायला सुरुवात केली. जो डोळा लोकांना खटकला असता, त्याच्याच जोरावर पडद्यावर जरब बसवली. १९४४च्या ‘रामशास्त्री’मध्ये त्यांनी आनंदीबाई उभी केली. १९५०च्या ‘दहेज’मध्ये सुनेला छळणारी सासू अशी रंगवली की सासुरवाशिणींचा थरकाप उडाला. १९८०चा ‘सौ दिन सास के’ तर तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल.

पण नुसती कजाग बाईच त्यांच्यात होती असं नाही बरं का. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. किंवा १९५९च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा, वरून फणसासारखी काटेरी, आतून गोड. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा सन्मान केला. जवळजवळ सत्तर वर्षं काम आणि शेकडो चित्रपट!

संसाराचं सुख मात्र सरळ वाट्याला आलं नाही. गणपतराव पवार यांच्याशी झालेलं पहिलं लग्न टिकलं नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी विवाह केला. उतारवयात कर्करोगाने गाठलं आणि २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्याला औंधच्या घरी त्या गेल्या. त्या वेळी घरात त्या एकट्याच होत्या. घराघरांत ओळखीची झालेली बाई, पण शेवटच्या क्षणी उशाशी कोणी नाही, हे वाचून माझे डोळे भरून आले होते.

आता हे सगळं मी आज का सांगते आहे? आमच्या शिरगावात बचत गटाच्या कामाला मी घरोघर फिरते. गटातल्या एका तरुण सुनेचं तोंड एका सकाळी अचानक वाकडं झालं. औषधपाण्याने बराच फरक पडला, पण हसताना एक बाजू ओढल्यासारखी दिसायची. तिने बाहेर पडणंच सोडलं. हळदीकुंकवाला नाही, मीटिंगला नाही. पापड लाटण्यात सगळ्यांत तरबेज तीच, तरी घरात बसून. मी समजावून थकले. शेवटी एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून ही गोष्ट सांगितली. ती काहीच बोलली नाही. चहा मात्र दिला.

पुढच्या मीटिंगला ती आली. पदर गालावर ओढलेलाच होता, पण आली. तिसऱ्या खेपेला हिशेबाची वही तिने स्वतःहून मागून घेतली. पदराचं भान तेव्हा तिला राहिलं नव्हतं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये ‘रामायण’ पुन्हा लागलं, तेव्हा मी सासूबाईंबरोबर पाहत होते. मंथरा आली आणि त्यांनीही बोटं मोडली. मला मात्र लहानपणीची ती उशी आठवली आणि मान खाली गेली. माझ्या मुलांना मी टीव्हीसमोर बसवून सांगितलं, त्या डोळ्याकडे नीट बघा, नक्कल करायच्या आधी त्याची गोष्ट ऐका. सासूबाईही ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मंथरा आली, तेव्हा त्यांची बोटं मांडीवरच राहिली.