उरुळीचा शब्द, जव्हारची वाडी

१९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी परिसरात, कुपोषणाने बालके दगावली आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर भूक नांदते आहे याची जाणीव महाराष्ट्राला झाली. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाई देसाई यांचे निधन झाले. या दोन गोष्टींचा तेव्हा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो पुढे जुळला आणि तो पाहायला मणिभाई राहिले नव्हते.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञानाचे शिक्षण घेत असतानाच १९४२ चे आंदोलन आले, शिक्षण खंडित झाले, कारावास घडला. पुढे पदवी घेऊनही नोकरीच्या वाटेला न जाता हा तरुण सेवाग्रामला गांधीजींकडे गेला. पुण्यातील निसर्गोपचार केंद्र सधनांच्या सोयीचे ठरते, गरिबाला तेथे जागा नाही, हे ध्यानात आल्यावर गांधीजींनी खेड्याचा शोध घेतला आणि मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन येथे आले. मणिभाई सोबत होते. आठवडाभराने गांधीजी गेले. मणिभाई मागे राहिले ते कायमचे. आपला देह याच गावी ठेवीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. तेव्हा त्यांचे वय सव्वीसही पूर्ण नव्हते, गाव परके होते आणि भाषाही वेगळी होती.

उरुळीची त्या काळची अवस्था बिकट होती. कर्ज, दारू आणि कोरडवाहू जमीन यांच्या कचाट्यात गाव सापडले होते. आश्रमात रुग्णांवर उपचार करता करता मणिभाईंच्या लक्षात आले की, येथील बहुतेक आजारांचे मूळ रिकाम्या पोटात आहे. म्हणून निसर्गोपचाराबरोबरच शाळा, सहकार, शेती आणि गोपालन अशी कामे वाढत गेली. गीर गाईंच्या निवडीवर त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली आणि उरुळीची गोशाळा दुधासाठी नावाजली गेली. गणित आणि पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाने गोठ्यातील नोंदवहीला प्रयोगशाळेतील वहीइतके महत्त्व दिले, हे या यशाचे गमक म्हणता येईल.

२४ ऑगस्ट १९६७ रोजी ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ म्हणजेच ‘बायफ’ची स्थापना झाली आणि मणिभाईंच्या कार्याला उरुळीबाहेरचे क्षेत्र मिळाले. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या विदेशी जातींच्या वळूंचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवून ठेवायचे आणि गावठी गाईंपासून अधिक दूध देणारी संकरित कालवड मिळवायची, हे तंत्र जगाला नवे नव्हते. मात्र ते दवाखान्यात अडकून न राहता शेतकऱ्याच्या दारी गेले पाहिजे, यावर मणिभाई ठाम होते. माजावर आलेली गाय चार-पाच कोस चालवत नेण्यात वेळ निघून जातो, ही साधी अडचण त्यांनी ओळखली होती. दुचाकीवरून गोठ्यापर्यंत जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता ही बायफची ओळख बनली. गांधींच्या अनुयायाने विदेशी वळूचा आश्रय घ्यावा हे गोसेवकांपैकी अनेकांना रुचण्याजोगे नव्हते. संकरित गाई उष्म्याला व रोगांना लवकर बळी पडतात, बैल नांगराला कमी पडतो, हे आक्षेपही निराधार नव्हते.

याच सुमारास आणखी एक विदेशी पाहुणा उरुळीत आला. मेक्सिकोत उगम असलेल्या आणि हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या ‘के-८’ या झपाट्याने वाढणाऱ्या वाणाचा बायफने सुबाभूळ या नावाने प्रसार केला. पडीक जमिनीवर चारा, सरपण आणि खत एकाच झाडापासून मिळेल, ही अपेक्षा मोठी होती. ती पूर्णांशाने फळली नाही. त्याच्या पाल्यातील मिमोसिन हे द्रव्य अति खाल्ल्यास जनावरांना बाधते. हवाईतील शेळ्यांच्या पोटातील जिवाणू त्या विषाचा निचरा करतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ऐंशीच्या दशकात शोधून काढले. १९८८ मध्ये मध्य अमेरिकेकडून पॅसिफिकमार्गे आलेल्या सिलिड किडीने भारतातील सुबाभळीला ग्रासले. एकाच झाडावर भिस्त ठेवू नये, हे तेव्हा सर्वांनाच कळून चुकले.

त्याआधीच, १९८२ मध्ये, दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चा प्रयोग सुरू झाला होता. मणिभाईंना पद्मश्री १९६८ मध्ये लाभली होती. रॅमन मॅगसेसे पुरस्कार याच १९८२ चा. तरीही भावी काळाच्या दृष्टीने त्या वर्षातील मोठी घटना पुरस्काराची नव्हे, वाडीची होती. कुटुंबाच्या एकरभर उतारावर बांध घालायचे, आंबा आणि काजूची कलमे लावायची, कडेने चारा-सरपणाच्या झाडांचे कुंपण करायचे आणि झाडे वाढेपर्यंत मधल्या जागेत नेहमीची पिके घ्यायची, अशी ती रचना. पहिले दोन-तीन उन्हाळे घागरीने पाणी घालून रोपे जगवणे हाच त्यातला खरा कस. येथे सुबाभूळ होती, पण कुंपणाला.

१९९५ पासून जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या साह्याने, नाबार्डमार्फत, वलसाड जिल्ह्यात वाडी मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. २००० पासून नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांत तोच कार्यक्रम बायफच्या ‘मित्र’ या संस्थेने हाती घेतला. जव्हार-मोखाड्यात अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. वरकस जमिनीत नागली-वरई पिकते, ती वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात. बाप गेला की मूल मागे राहत नाही आणि अंगणवाडीतला आहार तेथेच सुटतो. कुपोषणाची मुळे अशी थेट स्थलांतरात रुतलेली आहेत. म्हणूनच उन्हाळ्यात घरी थांबायला कारण देणारे झाड येथे औषधापेक्षा कमी मोलाचे नाही.

स्थलांतर त्याने थांबले, असे म्हणणे धाडसाचे होईल. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी भट्ट्यांची वाट ओस पडलेली नाही. मात्र आंबा-काजूच्या जोडीला या डोंगरांत मोगरा आला. भल्या पहाटे कुटुंबातील बायका-पुरुष कळ्या खुडतात आणि उन्हे चढण्याआधी त्यांची गाठोडी दादरच्या फूलबाजाराकडे रवाना होतात.